चेष्टा

आपा, तुमच्या मयतीच्या दिवशी, तुमच्याच घरात, मी तुमची नक्कल केली. आधीच सांगून टाकते. नंतर दुसऱ्या कुणाकडून कळलं तर तुम्ही म्हणाल, कबुलीजबाब वेळेवर द्यायचा असतो.

झालं असं. तुम्हाला घेऊन पुरुषमंडळी गेली होती आणि आम्ही बायका घरात चटयांवर बसलो होतो. नसीमखाला, तुमची धाकटी बहीण, भिंतीला टेकून. डोळे कोरडे, हातात तुमचा चष्मा, काच पुसतायत आणि परत पुसतायत. आतल्या खोलीत कुराण वाचणं चाललं होतं. आपल्या केंद्रातल्या बायका दाराजवळ एकमेकींना चिकटून बसलेल्या, कारण कुणालाच माहीत नव्हतं इथं कसं बसतात, काय बोलतात, मोठ्यानं रडलेलं चालतं का. सगळ्यात शेवटी झर्ना आली. उंबऱ्याबाहेरच थांबली, चपला हातात धरून. तिला कुणी ये म्हणेना आणि ती आत येईना. तेव्हा माझ्या तोंडून गेलं. तुमच्या आवाजात, ते शेवटाला नाकात जाणारं कोरडं टोकसुद्धा जसंच्या तसं, "आपण आलात, की नुसत्या चपला पाठवल्यात?"

आतलं वाचन क्षणभर अडखळलं असं मला वाटलं. मग नसीमखालांनी ओढणी तोंडावर घेतली आणि त्या जे फुटल्या, मला वाटलं संपलं, आता मला इथून हाकलणार. रडता रडता त्या म्हणाल्या, "फिर से बोल."

मी नाही बोलले. मला कुणी 'पुन्हा कर' म्हटलं आणि मी केलं नाही असं जन्मात पहिल्यांदा झालं.

झर्ना हे तिचं खरं नाव नाही, हे वाचणाऱ्यांसाठी सांगते. नियम तुमचाच. तुम्ही म्हणायचात, "तिचं नाव तिचं आहे, तुमच्या गोष्टीला रंग यावा म्हणून नाही."

आपली ओळखसुद्धा नकलेनंच झाली होती. मी करमाळ्याहून कर्वेनगरला कॉलेजात आलेली. करमाळ्याच्या शाळेत मी हेडमास्तर करायचे, एसटीचा कंडक्टर करायचे, आजारी म्हैस करायचे, लोक पोट धरून हसायचे. पुण्यात आल्यावर कळलं की इथं माझं साधं बोलणंच लोकांना नक्कल वाटतं. मी 'बादली तिकडं हाय' म्हटलं की रूममेट 'हॅलो' म्हणायच्या. मग मी पण ठरवलं, हसायचंच असेल तर माझ्या मर्जीनं हसा. त्यात एक दिवस तुम्ही कॉलेजात पाहुण्या म्हणून आलात. पांढरी साडी, जाड चष्मा, माइक बंद पडला तरी आवाज शेवटच्या बाकापर्यंत. कार्यक्रम झाल्यावर हात धुवायच्या नळापाशी मी पोरींना तुम्हाला करून दाखवत होते. "मुलींनो, पोलीस स्टेशन हे देऊळ नाही. तिथं चप्पल काढून जाऊ नका." पोरी हसता हसता एकदम थांबल्या. मागं तुम्ही.

तुम्ही म्हणालात, "बाकी ठीक आहे. ळ सुधार. गाव कोणतं?"

मी म्हटलं, करमाळा.

"गावाच्या नावात आहे आणि तोंडात नाही?"

आणि मग येरवड्याचा पत्ता दिलात. मला वाटलं माफी मागायला बोलावलंय.

तुम्ही महापालिकेच्या शाळेत आयुष्यभर मराठी शिकवलंत. रझियाबाई मराठी शिकवतात याचं लोकांना भारी नवल वाटायचं. एकदा माझ्यासमोर एका सोसायटीच्या चेअरमननी तुम्हाला म्हटलं होतं, अहो, तुमचं मराठी किती शुद्ध आहे हो. तुम्ही त्यांना म्हणालात, "तुमचंही बरं आहे. सराव ठेवा." ते गृहस्थ घरी जाईपर्यंत विचार करत बसले असतील. तुमचे अब्बा कॅम्पात घड्याळं दुरुस्त करायचे, त्यांच्या आधी त्यांचे अब्बा, म्हणजे त्या चेअरमनपेक्षा तुम्ही जास्त पिढ्या पुणेकर. पण हे तुम्ही कधी कुणाला बोलून दाखवलं नाहीत. एका वाक्यात समोरच्याला सोलायचं आणि पुढं चहा ओतायचा, एवढंच.

केंद्र म्हणजे काय, तर येरवड्यात शिंप्याच्या दुकानावरची एक खोली. रिटायर झाल्यावर तुम्ही ती घेतलीत. जिना इतका अरुंद की वर येईपर्यंत बाई दोनदा परत फिरायचा विचार करते, असं तुमचं म्हणणं, म्हणून जिन्यातला बल्ब दिवसासुद्धा चालू. वर यायच्या त्या बायका बंगालच्या, बिहारच्या, ओडिशाच्या, कुणी नेपाळची, कुणी गुलबर्ग्याकडची. खराडीतल्या काचेच्या ऑफिसांमध्ये झाडू मारणाऱ्या, वरच्या मजल्यांवर पोळ्या लाटणाऱ्या, साइटवर विटा वाहणाऱ्या. कुणाला नवरा मारायचा, कुणाला मुकादम रात्रपाळीला एकटीला ठेवून घ्यायचा. कुणाचा फ्लॅटमालक पगाराच्या दिवशी दार लावून घ्यायचा. इथं त्यांचं माहेर नाही, आधार कार्डावरचा पत्ता दुसऱ्याच राज्यातला, आणि चौकीत गेलं तर पहिला प्रश्न 'कहां से आयी?' याच्या पुढं कुणी विचारायचंच नाही.

तुम्ही मला कामावर घेतलंत ते नक्कल करायलाच, हे मला नंतर कळलं. बायका मार सहन करायच्या, पण कोर्ट म्हटलं की हातपाय गळायचे. म्हणून तुम्ही कोर्ट-कोर्ट सुरू केलं होतं. शिंप्याचं इस्त्रीचं टेबल म्हणजे साक्षीदाराचा पिंजरा. त्याच्याकडचं काळं अस्तराचं कापड खांद्यावर टाकून मी समोरच्या पार्टीचा वकील. तुम्ही जज, प्लास्टिकच्या खुर्चीवर. पहिल्या दिवशी मी तुमच्यासाठी हातोडी शोधत होते तर तुम्ही म्हणालात, हातोडी सिनेमात असते, इथल्या जजसाहेबांना फक्त सर्दी असते. मी वकिलासारखी भुवई उडवून विचारायचे, बाई, तुम्ही तेव्हाच का ओरडला नाहीत, दार आतून लावलेलं कुणी, नवऱ्याला का नाही सांगितलं. पहिल्यांदा बाई रडायची. तिसऱ्या-चौथ्यांदा चिडायची. मग कधीतरी ती माझ्याकडं बघून फिसकन हसायची, आणि तुम्ही म्हणायचात, झाली हिची तयारी.

कोर्ट-कोर्टचा नियम एकच होता. ज्यानं केलं त्याची नक्कल करायची नाही. त्याच्यासाठी कोपऱ्यात रिकामी खुर्ची. मी एकदा म्हटलं होतं, आपा, मी त्याला असा करेन की बाईची भीतीच मोडेल. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "तो एकदा आला तेवढा पुरे. माझ्या खोलीत त्याला परत बोलवायचं नाही."

तर झर्ना. बंगालातल्या मालद्याकडची. नवरा खराडीत साइटवर सळया बांधायचा, ही सकाळी दोन फ्लॅटमध्ये स्वयंपाक करायची. त्यांना गावाहून ज्या ठेकेदारानं आणलं, त्याच्याच पत्र्याच्या खोलीत दोघं आणि त्यांची मुलगी राहायची. एका दुपारी नवरा साइटवर आणि मुलगी शेजारी खेळत असताना ठेकेदार आत आला आणि त्यानं कडी लावली. ती त्याच्या हाताला कडाडून चावली, ओरडली, शेजारणीनं पत्र्यावर थापा मारल्या, तेव्हा तो गेला. तेवढ्यावर सुटली. सुटली म्हणायचं म्हणून म्हणते.

आपल्याला कळायच्या आधीच ती शेजारणीला घेऊन चौकीत गेली होती. एकटीच्या हिमतीनं. अशा बाईचा तुम्हाला कोण अभिमान वाटायचा. ती आपल्याकडं आली ती जबाबाची कॉपी घेऊनच. तुम्ही चष्मा चढवून वाचलंत आणि कागद माझ्याकडं सरकवलात. वाच मोठ्यानं. मी वाचलं. सदर इसमाने दुपारचे वेळी खोलीत येऊन माझी चेष्टा केली व मी आरडाओरडा केला असता तो निघून गेला.

मी म्हटलं, चेष्टा? एवढंच? मस्करी केली म्हणून ही चौकीत गेली?

झर्नाला 'चेष्टा' तेवढं कळलं. ती जोरजोरात मान हलवायला लागली. "हां, चेष्टा. वो बहुत चेष्टा किया. हम नहीं करने दिया."

तुम्ही कागद खाली ठेवलात. मग हळू तिला विचारलंत, चेष्टा मतलब? उसने क्या किया? आणि तिनं सांगितलं. जमिनीकडं बघून, तुटक, अर्धं बांगला भाषेत.

बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, आपा. तुम्हीच मला समजावलंत. जेवढं हिंदी येतं तेवढ्यात तिनं सांगितलं होतं की त्यानं जबरदस्ती करायचा प्रयत्न केला, आणि हवालदारानं लिहून घेतलं की त्यानं मस्करी केली. वर म्हणालात, संस्कृतात चेष्टा म्हणजे हालचाल, काहीतरी करणं. तिच्याकडं गेला तो शब्द कामाला लागला. आपल्याकडं आला तो टवाळ झाला.

मग माझ्याकडं बघून म्हणालात, "तुझ्यासारखा." तशा प्रसंगातसुद्धा तुम्हाला हे सुचलं. शाळेत माझं नावच चेष्टेखोर होतं, हे मीच तुम्हाला सांगून ठेवलेलं.

आपण चौकीत गेलो तेव्हा मी भांडायच्या तयारीनं गेले होते. रस्ताभर त्या हवालदाराची नक्कल मनात तयार करून ठेवलेली, बाहेर आल्यावर करायला. पण तो माणूस तसा निघालाच नाही. साधा, दमलेला, टेबलावर घरचा डबा अर्धा उघडा. तो म्हणाला, "मॅडम, बाई जे बोलली तेच लिहिलं. माझ्या मनचा एक शब्द नाही घातला. वाचून दाखवलं. चेष्टा केली, बरोबर का, म्हणून दोनदा विचारलं. ती हो म्हणाली."

तिनं हो म्हटलंच होतं. तिला ते बरोबरच ऐकू आलं होतं.

खोटं कुणीच बोललं नव्हतं, आपा. त्यानं लबाडी केली असती तर आपल्याला भांडता आलं असतं. तुम्ही त्याला म्हणालात, पुरवणी जबाब घ्या. त्यानं घेतला, पण वरच्या साहेबांनी शेरा मारला की फिर्यादी सल्ल्यानं जबाब बदलते आहे. कलम हलकंच राहिलं. छेडछाड. ठेकेदार लगेच जामिनावर सुटला आणि झर्नाच्या गल्लीच्या तोंडाशी मोटरसायकल लावून पान खात बसायला लागला. तिला काही बोलायचा नाही. नुसता बसायचा. त्या दिवशी चौकीतून बाहेर पडल्यावर मी हवालदाराची नक्कल केली नाही. तुम्ही विचारलंतसुद्धा, आज गाडी बंद का. मी म्हटलं, याच्यात करण्यासारखं काय नाय.

तुम्ही 'नाय' दुरुस्त केलं नाहीत. तेव्हाच मला कळलं की तुम्ही हादरलाय.

मग तो शब्द फिरून झर्नाच्या घरी पोचला. ठेकेदारानं तिच्या नवऱ्याला मराठी वाचणारा माणूस गाठून दिला. त्यानं तो कागद वाचून हिंदीत सांगितला, मजाक किया, बस. नवरा घरी येऊन म्हणाला, तूच लिहून दिलंयस मजाक होता, तूच सही केलीस, मग माझी रोजी कशाला घालवतेस. तिनं त्याला बांगलामध्ये सांगायला पाहिजे होतं, तुम्ही म्हणाल. तिनं सांगितलं होतं. पण त्याच्याकडं आता सरकारी शिक्क्याचा कागद होता. केस मागं घे नाहीतर मी चाललो, असं म्हणत तो एक दिवस खरंच गेला, आणि जाताना मुलीला घेऊन गेला. झर्ना इथं राहिली तारखेसाठी. आपल्या ओळखीच्या एका बाईच्या घरात, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात. रोज संध्याकाळी मालद्याला फोन लावायची. सासू कधी उचलायची, कधी नाही.

मेधाताई, आपल्या वकीलबाई, म्हणाल्या, आता एकच जागा उरली. कोर्टात तिच्या साक्षीत खरी गोष्ट आली पाहिजे. जजना पटलं तर मोठं कलम लागू शकतं, नाही पटलं तर हे असंच संपेल. बंगालीची दुभाषी म्हणून कोर्टानं तुमचं नाव मान्यही केलं होतं. केंद्रातल्या बायकांमुळं कामापुरतं बांगला तुम्हाला येतच होतं, त्यासाठी या वयात तुम्ही ते नीट शिकायला बसलात, एका बंगाली मिठाईवाल्याच्या सुनेकडं. रोज नवे शब्द पाठ करायचात आणि माझ्यावर तपासायचात. मला काय कळतंय, मी सगळ्याला बरोबर म्हणायचे.

आणि मग आपलं भांडण.

मी म्हणत होते, कोर्ट-कोर्टमध्ये झर्नाला तो शब्दच सोडायला लावू. कोशिश म्हणू दे, प्रयत्न म्हणू दे, कायपण म्हणू दे, फक्त चेष्टा नको. समोरचा वकील त्याच एका शब्दावर टपून बसलाय. मी त्याला कोर्टाच्या आवारात ऐकून आले होते, मला तो तोंडपाठ होता. मी अस्तराचं कापड खांद्यावर टाकून करूनच दाखवला. "मग बाई, चेष्टाच केली ना? चेष्टा म्हणजे मस्करीच ना?" झर्ना टेबलामागं उभी होती. म्हणाली, हां, चेष्टा. मी कापड फेकलं. म्हटलं, बघा आपा, पडली. पहिल्याच चेंडूला पडली.

तुम्ही म्हणालात, पढवलेली साक्ष दुसऱ्या प्रश्नाला पडते. मी म्हटलं, ही पहिल्यालाच पडतेय त्याचं काय. तुम्ही म्हणालात, तो शब्द तिच्या आईकडून आलाय. घर गेलं, नवरा गेला, पोर गेली, आता जीभ पण आपण काढून घ्यायची का. कोर्टाला कळत नसेल तर कोर्टानं शिकावं, मी आहे की सांगायला.

मी आहे की. हे तुमचे शब्द, आपा.

मी चिडले होते. म्हटलं, तुम्ही मराठीच्या बाई, तुम्हाला शब्दाचं पडलंय. शब्द सांभाळत बसाल आणि केस जाईल.

तुम्ही म्हणालात, "जाईल."

नुसतं तेवढंच. मला वाटलं पुढं काहीतरी टोमणा येईल. नाही आला. मग मी पिशवी उचलली तेव्हा तुम्ही म्हणालात, "आपण आता घरी जावं."

तुम्ही मला कायम अगं-तुगं करायचात. खूप रागावलात की 'आपण' व्हायचे मी. दुसऱ्या दिवशी पाणीपुरी आणून हा 'आपण' उतरवायचा, हे आपलं ठरलेलं. सकाळी नसीमखालांचा फोन आला. पहाटेच्या नमाजाआधी हातपाय धुवायला, वजू करायला उठलात आणि तिथंच खाली बसलात म्हणे. डॉक्टर यायच्या आत सगळं संपलं होतं. म्हणजे मी तुमच्या खात्यात अजून 'आपण'च आहे. तुमच्या घरच्या चटईवर बसले तेव्हासुद्धा 'आपण'च होते. झर्नाला जे बोलले ते कदाचित मलाच बोलायचं होतं.

तारीख लगेच आली. मेधाताईंनी सांगितलं, दुभाषी वारल्या, पुढची तारीख मागू. समोरचा वकील उठून म्हणाला, साहेब, बाईंना हिंदी येतं, हिंदी सगळ्यांनाच कळतं, दुभाषी कशाला. जजसाहेब रुमालात शिंकले. खरंच सर्दी होती, आपा, मी तुमच्याकडं बघायला मान वळवली आणि शेजारी कुणी नव्हतं. मेधाताई झर्नाच्या कानात म्हणाल्या, थांबू या. झर्ना म्हणाली, "नहीं. आज बोलेगा हम." तिच्या सासूनं आदल्या दिवशी सांगितलं होतं, मुलगी आता तिला आईच म्हणत नाही. तिला आणखी थांबायचं नव्हतं.

जजसाहेबांनी बाकीच्यांना बाहेर काढलं. झर्नानं माझा हात सोडला नाही म्हणून मला मागच्या बाकावर बसू दिलं, तोंड उघडायचं नाही या अटीवर. मला. तोंड उघडायचं नाही.

तो वकील अगदी मी करायचे तस्सा बोलला. भुवईसुद्धा तीच. "मग बाई, चेष्टाच केली ना?"

झर्ना म्हणाली, "हां. चेष्टा."

टायपिस्टच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं. वकील जजकडं वळला, म्हणजे झालं, या अर्थानं. मी बाकाची कड धरून बसले होते. मी एवढंच म्हणत होते मनात, आपा, उठा, तुम्ही आहात ना सांगायला. ठेकेदार त्याच्या जागी उभा होता, पांढरा शर्ट, चुरगळलेला नाही.

जजसाहेब झर्नाला म्हणाले, चेष्टा मतलब? मजाक?

तिला 'मजाक' कळलं. तिनं आधी त्यांच्याकडं बघितलं, मग वकिलाकडं. त्या वकिलाच्या हसण्याकडं. आणि तेव्हा कुठं तिला कळलं असावं की कागदातला तो मजाक तिच्याच शब्दातून आला होता, इतके महिने ती एक सांगत होती आणि लोक दुसरंच ऐकत होते. आपण तिला कोर्ट-कोर्टमध्ये हे कधी नीट सांगितलंच नव्हतं, भांडत बसलो होतो दोघी.

ती पिंजऱ्यात एक पाऊल मागं सरकली. उजव्या हातानं तिनं स्वतःचं तोंड दाबलं. डाव्या हातानं स्वतःची वेणी धरली आणि मान मागं ओढली. इतकी, की गळ्याच्या शिरा दिसल्या. आपा, मी नक्कल करणारी आहे, मला कळतं. तो तोंडावरचा हात तिचा नव्हता. मनगट जड होतं, बोटं जाड झाली होती, अंगठा गालात रुतवायची पद्धत एका ठराविक माणसाची होती. तिचे गुडघे वाकत गेले आणि ती पिंजऱ्याच्या कठड्याखाली दिसेनाशी झाली. तिथून नुसता श्वास ऐकू येत होता. लाकडावर काहीतरी आपटलं, डोकं असावं. मग ती कठडा धरून उठली. तोंडाभोवती तिच्याच बोटांचे पांढरे वळ होते.

"एई," ती म्हणाली, "एई चेष्टा." ही. ही चेष्टा.

नियम मोडला तिनं, आपा. तुम्ही ज्याला खोलीत येऊ दिलं नाहीत त्याला ती कोर्टात घेऊन आली. स्वतःच्या हातात. आणि शब्द एकसुद्धा बदलला नाही.

मी आयुष्यभर लोकांना हसवलं आहे, नक्कल झाल्यावर पहिला आवाज कसला येतो ते मला माहीत आहे. इथं कसलाच आला नाही. ठेकेदार आपल्या उजव्या हाताकडं बघत होता. टायपिस्टनं विचारलं, साहेब, काय लिहू. जजसाहेब म्हणाले, "तिचा शब्द आहे तसाच लिहा. आणि हात कुठं होता, तेही लिहा." मग सरकारी वकिलांना विचारलं, यात कलम एवढंच कसं. ते कागद चाळायला लागले. त्यावर बोलायला पुढची तारीख पडली.

बस. एवढंच झालं. तुम्ही जिंकलात असं मी म्हणणार नाही, अजून मोठं कलम लागलेलं नाही. मेधाताई म्हणतात चांगलं झालं, पण त्या सगळ्यालाच चांगलं झालं म्हणतात. जामीन तसाच आहे. त्याला आणि आम्हाला बाहेर पडायला दार एकच होतं, तो आधी गेला. झर्नाच्या मुलीला कुणी हे सांगणार नाही. आणि पुढच्या तारखेला तो वकील म्हणेल, बाईंना नाटक शिकवलंय, शिंप्याच्या माडीवर तालमी होतात. म्हणेलच. त्याच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं. तेव्हा उत्तर काय द्यायचं, आपा? आपलं भांडण अर्ध्यावर टाकून गेलात. मला अजून वाटतं की त्या शब्दापायी आपण तिला फार मोठी किंमत मोजायला लावली. आणि मला हेही माहीत आहे की 'कोशिश' म्हणाली असती तर तिला कुणी काही विचारलंच नसतं.

कोर्टाच्या जिन्यात ती खाली बसली. मी पाण्याची बाटली दिली, ती तिला धरता येईना, मी धरली. खाली फाटकाशी मोटरसायकल उभी होती, तो त्यावर बसून आमच्याकडं बघत होता. तेव्हा झर्नानं मला विचारलं, "आपा क्या बोलती?"

मला कळलं तिला काय पाहिजे ते. नसीमखालांना पाहिजे होतं तेच. मी घसा खाकरला. तुमचा आवाज मला झोपेत येतो, आपा, ळ सकट. पण काही येईना. नक्कल करायला आधी कुणीतरी ते बोललेलं लागतं. आणि हे, असं काही झाल्यावर तुम्ही काय म्हणता, ते मी कधी ऐकलेलंच नाही. शाबास म्हणाला असतात, की नियम मोडलास म्हणाला असतात, की नुसता चष्मा पुसत बसला असतात, काय माहीत.

म्हणून मग मी माझ्याच आवाजात म्हटलं, करमाळ्याच्या, "चल ऊठ. बस हाय आत्ताची, चुकंल."

तिनं माझा हात धरला. आम्ही त्याच्या मोटरसायकलीच्या समोरून गेलो.